धडधडेल, तरी ग्राउंडवर जा

ताई,
मी नागपूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सातवीपासून बास्केटबॉल खेळते. गेल्या डिसेंबरात विद्यापीठाच्या टीममधून वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले होते. चौथ्या क्वार्टरमध्ये मला दोन फ्री थ्रो मिळाले. रेषेवर उभी राहिले आणि छातीत इतकं धडधडायला लागलं की बोटांना मुंग्या आल्या, बॉल हातात आहे की नाही तेच कळेना. पहिला थ्रो रिंगपर्यंतसुद्धा गेला नाही. दुसरा मी घेतलाच नाही. बॉल खाली टाकला आणि बाथरूममध्ये पळाले. वाटलं, आपण मरतोय. नंतर ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल निघालं. पण मग प्रॅक्टिसला, वर्गात, अगदी बसमध्येसुद्धा तसंच व्हायला लागलं. टीम सोडली. मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डर सांगितला. गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही चालू आहे. आता बस जमते, वर्ग जमतो. डॉक्टर म्हणतात, खेळायला हरकत नाही.
सरांनी बोलावलंय, पण म्हणाले, “शंभर टक्के बरी झाली असशील तरच ये, सिलेक्शन तोंडावर आहे.” आई म्हणते, जिवापेक्षा खेळ मोठा आहे का? बाबा म्हणतात, इतकी वर्षं घालवलीस, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के कोट्याचं काय? टीममधल्या मुली सात महिन्यांत एकदाही नीट बोलल्या नाहीत. माझ्या जागी एक ज्युनियर खेळते, माझा अकरा नंबरही तिच्याकडे गेला. मी जाऊ का? आणि पुन्हा तसंच झालं तर?
— नंबर अकरा

नंबर अकरा,

आधी उत्तर देते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. जा. डॉक्टरांनी हो म्हटलंय, तुझी स्वतःची ओढ पत्राच्या ओळीओळीत दिसतेय, आणि थांबून राहिल्याने ही भीती कमी होत नाही, मुरते. फक्त सरांचं ते ‘शंभर टक्के’ घरी ठेवून जा. ती अट पूर्ण करता येण्यासारखी नाहीच. घोटा मुरगळला तर सूज उतरली की नाही हे डोळ्यांना दिसतं. घाबरण्याचं तसं नसतं. आता कधीच धडधडणार नाही, अशी खात्री पटल्यावरच ग्राउंडवर पाय ठेवायचा असं ठरवलंस, तर तो दिवस येणार नाही. आणि खरं सांगू का, तो यायलाही नको. बास्केटबॉल खेळताना छाती धडधडलीच पाहिजे.

त्या दिवशी रेषेवर काय झालं ते एकदा शांतपणे बघू. चौथा क्वार्टर म्हणजे तू अर्धा-पाऊण तास पळत होतीस. तुझ्या वयाच्या मुलीचे ठोके अशा वेळी मिनिटाला पावणेदोनशेच्या घरात सहज जातात. पळत असताना ते जाणवत नाहीत, कारण लक्ष बॉलवर असतं. पण फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून एकटीने घ्यायचा थ्रो, ही या खेळातली विचित्र जागा आहे. सगळा खेळ थांबतो, नऊ जणी तुझ्याकडे बघत उभ्या राहतात आणि रेफरीने बॉल दिल्यापासून पाच सेकंदांत तो सोडायचा असतो. पाय थांबलेले, हृदय मात्र अजून पळतंय. त्या दिवशी तुझं लक्ष रिंगवरून सरकून छातीकडे गेलं. ‘हे काय होतंय?’ असं वाटलं, श्वास भराभर सुरू झाला. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. त्या मुंग्यांनी आणखी घाबरायला झालं. बॉल हातात आहे की नाही ते कळेना, असं तू लिहिलंयस ना, त्याचं कारण एवढंच होतं. तू कच्ची नव्हतीस आणि वेडीही झाली नव्हतीस. शरीराने चुकीच्या क्षणी धोक्याची घंटा वाजवली.

पुढचं तुला समुपदेशकांनी सांगितलं असेलच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मेंदूने धडधडीची आणि मरणाची गाठ मारून ठेवली, मग जिना चढून वर्गात गेलीस तरी तीच घंटा. बस, वर्ग, प्रॅक्टिस एकेक करून टाळलंस, आणि दर वेळी टाळल्यावर जे बरं वाटलं त्याने गाठ आणखी घट्ट झाली. बस आणि वर्ग तू परत मिळवलेस. ते कसे मिळवलेस ते आठव. भीती गेल्यावर तू बसमध्ये चढली नाहीस, भीतीसकट चढलीस आणि चार स्टॉप बसून राहिलीस. ग्राउंडचंही तसंच होणार आहे, फक्त तिथे एक जास्तीची अडचण आहे, ती मी आधीच सांगून ठेवते.

सात महिने तू पळालेली नाहीस. पहिल्या दिवशी दोन लाइन स्प्रिंट मारल्या की तुला सडकून दम लागणार आहे. पूर्वी जिथे हसत पळायचीस तिथे गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहशील. त्या क्षणी मन लगेच म्हणेल, ‘आलं बघ परत.’ ते आजाराचं नसेल, सुटलेल्या स्टॅमिन्याचं असेल. हा फरक मैदानावर ऐनवेळी कळत नाही म्हणून तो घरी शिकायचा असतो. समुपदेशकांना विचारून, त्यांच्या देखरेखीखाली हे सुरू कर: मिनिटभर दोरीवरच्या उड्या किंवा दोन मजले जिना, ठोके चांगले वाढू द्यायचे, मग खाली बसायचं आणि काहीही न करता ते आपोआप उतरताना बघायचं. पाणी प्यायचं नाही, आईला हाक मारायची नाही, मनगटावरच्या घड्याळात ठोके बघायचे नाहीत. ते घड्याळ तर प्रॅक्टिसलाही घालू नकोस. मी पाहिलेल्या अनेक मुलामुलींचं अर्धं दुखणं त्या आकड्याकडे दर दोन मिनिटांनी बघण्यात होतं. दिवसाला चार-पाच वेळा, पंधरा दिवस असं केलंस की धडधड म्हणजे मरण ही गाठ सैल व्हायला लागते. पॅनिकवरच्या उपचारांतली ही नेहमीची, चांगली तपासलेली पद्धत आहे. खेळाडूंना ती विशेष जमते, कारण दम लागणं त्यांना नवं नसतं.

आता ग्राउंड. पहिल्याच दिवशी सगळ्यांबरोबर, पूर्ण टीमच्या प्रॅक्टिसला जाऊ नकोस. सिलेक्शन तोंडावर आहे म्हणून घाईने उडी घेतलीस तर मन आणि गुडघे दोन्ही कुरकुरतील. आधी चार दिवस कोणी नसताना जा, नुसतं शूटिंग कर. मग ड्रिल्स, मग हाफ कोर्टवर तीन-तीन. पूर्ण मॅच नंतर.

टोकियो ऑलिंपिकमधली अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स तुला आठवत असेल. २०२१ साली सांघिक स्पर्धेच्या मधूनच ती बाहेर पडली, कारण हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं. जगभर तिच्या नावाने बोललं गेलं. पण त्याच ऑलिंपिकच्या शेवटी ती बॅलन्स बीमवर परत आली आणि ब्राँझ घेऊन गेली. येताना तिने काय केलं? बीमवरून उतरतानाच्या उडीतली गिरकी काढून टाकली. जे त्या आठवड्यात धोक्याचं होतं ते वगळलं आणि जमण्यासारखं होतं ते केलं. त्यानंतर मोठी सुट्टी घेतली, २०२३ मध्ये स्पर्धेत उतरली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली. लोकांना ती तीन सुवर्णपदकं आठवतात. मला तुझ्यासाठी ती गिरकी काढलेली उडी जास्त मोलाची वाटते.

तुझीही एक गिरकी आहे, फ्री थ्रो. ती कायमची काढून टाकू नकोस, पण सगळ्यात शेवटी ठेव. आणि तिथे पोचलीस की हे लक्षात असू दे: डिसेंबरातला तो दुसरा थ्रो तू अजून घेतलेला नाहीस. माझ्या मते तुझी भीती अजून त्या न घेतलेल्या थ्रोपाशीच उभी आहे. एखाद्या संध्याकाळी जिच्यावर विश्वास आहे अशा एकीला बरोबर घे, दहा-बारा स्प्रिंट मारून छाती धडधडत असतानाच रेषेवर जा आणि तो घे. बॉल दोनदा टप्पी, एक लांब उच्छ्वास, रिंगच्या मागच्या कडेकडे नजर, सोड. दर वेळी हेच, याच क्रमाने, पाच सेकंदांच्या आत. बास्केट होवो न होवो, त्याने काही ठरत नाही. त्या क्षणी तू बॉल खाली टाकला नाहीस, एवढंच मोजायचं.

सरांशी बोलणं टाळू नकोस. ते वाईट नाहीत असं तुझ्या पत्रावरून वाटतं, वाईट असते तर बोलावलंच नसतं. त्यांना टीम लावायची आहे आणि ऐनवेळी काय होईल याची धास्ती त्यांनाही आहे. म्हणून ‘मी बरी आहे’ असं मोघम सांगू नकोस. सांग, “सर, शंभर टक्के असं यात नसतं. डॉक्टरांनी परवानगी दिलीय. मला तीन आठवडे हळूहळू वाढवत न्यायचंय. मॅचमध्ये कधी त्रास झाला तर मी तुम्हाला अमुक खूण करीन, दोन मिनिटं बेंचवर बसवा आणि परत घ्या.” हे मागताना संकोच कशाला? हा खेळच तशी मुभा देतो. फुटबॉलच्या मॅचमध्ये बदललेला खेळाडू परत आत येत नाही. बास्केटबॉलमध्ये तू दहा वेळा बाहेर येऊन दहा वेळा आत जाऊ शकतेस, स्कोअरशीटवर त्याचा डाग पडत नाही. फक्त एक पथ्य पाळ: बेंचपर्यंतच यायचं, बाथरूमपर्यंत नाही. घाबरण्याची लाट साधारण दहा मिनिटांत शिखर गाठून उतरायला लागते. ती उतरताना तू कोर्टाच्या कडेला, बॉलचा आवाज ऐकत बसलेली असलीस, तर मेंदू जे शिकायला हवं तेच शिकतो.

सरांना हे सगळं नव्या पिढीचे लाड वाटले, तर त्यांना नाशिकच्या भीष्मराज बाम यांचं नाव सांग. पोलीस सेवेतला हा माणूस खेळाडूंच्या मनावर काम करायला लागला, आणि अंजली भागवतसारखी नेमबाज आणि राहुल द्रविडसारखा फलंदाज त्यांच्याकडे शिकले. मनाचा सराव हा सरावच आहे, हे आपल्या महाराष्ट्रातल्याच माणसाने करून दाखवलंय.

टीमला किती सांगायचं? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो तुला छळतोय हे कळतं. इथे मला अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या बास्केटबॉलपटू केव्हिन लव्हची गोष्ट सांगाविशी वाटते. ५ नोव्हेंबर २०१७, क्लीव्हलँडची घरची मॅच, अटलांटाविरुद्ध. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टाइमआउटनंतर त्याला श्वास घेता येईना, तो सरळ लॉकर रूमकडे पळाला आणि शेवटी आतल्या खोलीत जमिनीवर पडून होता. दवाखान्यात नेलं, तपासण्या सगळ्या नॉर्मल. तुझ्यासारखंच. दोन दिवसांनी तो पुढची मॅच खेळला आणि त्याने ३२ पॉइंट केले. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, झालं, परतला. पण त्याने पुढे लिहिलं, की त्या दिवशी खेळता आलं याहून मोठा दिलासा त्याला याचा वाटला, की आपण मैदान का सोडलं हे लोकांना कळलं नाही. मग त्याला हाच प्रश्न पडला, की लोकांना कळण्याची एवढी काळजी का? तो समुपदेशकाकडे जायला लागला. मार्च २०१८ मध्ये त्याने सगळं उघड लिहिलं, तेही टोरोंटोचा डेमार डीरोझन आपल्या नैराश्याबद्दल बोलल्यानंतर. ३२ पॉइंट करूनही लपवण्याचं ओझं उतरलं नव्हतं, हे मला त्यातलं सगळ्यात खरं वाटतं. तू सगळ्या टीमसमोर भाषण करावंस असं माझं मुळीच म्हणणं नाही. गोळ्यांची नावं, डॉक्टर, घरातलं, यातलं काहीही कोणाला सांगायला तू बांधील नाहीस. पण एक वाक्य तयार ठेव: “मला पॅनिक अटॅक येत होते, उपचार चालू आहेत, कधी बाहेर बसले तर घाबरू नका.” एवढ्याने कुजबुजीला जागा उरत नाही.

आणि त्या मुली बोलल्या नाहीत, याबद्दल. मी कॉलेजच्या टीममध्ये होते तेव्हा आमच्यातली एक जण हंगामाच्या मध्यावर यायची बंद झाली. कारण कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तिचं घर माझ्या रस्त्यावर होतं. मी रोज तिथून सायकलने जायचे आणि दारासमोर आले की पॅडल जोरात मारायचे, कारण ती दिसली तर काय बोलायचं हे मला ठाऊक नव्हतं. खूप वर्षांनी ती भेटली तेव्हा म्हणाली, तुम्हाला सगळ्यांना माझा राग आला होता ना? राग कोणालाच नव्हता. आम्ही भित्र्या होतो. त्या गोष्टीची मला आजही लाज वाटते, आणि मी हे काम करायला लागले त्यात तिचाही वाटा आहे. तुझ्या टीममधल्या मुलीही बहुधा पॅडल जोरात मारत असतील. त्यांच्यातल्या एकीला, जिच्याबरोबर तू डबा खायचीस तिला, तूच मेसेज कर. ‘सोमवारी ग्राउंडवर अर्धा तास लवकर येतेस का, शूटिंग करू’ इतकंच. पुढाकार तू का घ्यावास, असं वाटेल. रास्त आहे. त्यांनीच घ्यायला हवा होता. पण वाट बघत बसण्यात तुझा हंगाम जाईल.

ज्युनियर मुलीचा विषय मी लांबवत नाही. जागा तिने चोरलेली नाही, रिकामी होती म्हणून ती उभी राहिली. तू परत गेलीस म्हणजे जागा लगेच मिळेल असंही नाही. यंदा बेंचवरून सुरुवात होईल, कदाचित निवडही होणार नाही, त्याची तयारी ठेव. अकरा नंबर मात्र मागू नकोस. दुसरा घे.

बाबांना कोट्याची काळजी आहे, आईला तुझी. दोघंही तुझ्या वतीने घाबरलेत, एक पुढचं बघून, एक मागचं आठवून. बाबांना स्पष्ट सांग की यंदा सर्टिफिकेटसाठी खेळत नाहीये. ते ओझं घेऊन रेषेवर उभी राहू नकोस. आईला पहिल्या आठवड्यात ग्राउंडच्या कठड्यावर बसायला घेऊन जा, हवं तर. दुसऱ्या आठवड्यात तिला घरी थांबव. ती समोर असली तरच जमतं, अशी सवय लागायला नको.

गोळ्यांचं थोडक्यात, पण नीट वाच. बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत, अचानक सोडल्या की चक्कर, बेचैनी सुरू होते आणि पुन्हा आजारच आला असं वाटतं. डोपिंगची भीती मनात असेल तर सांगते: एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या नेहमीच्या गोळ्या बंदी असलेल्या औषधांच्या यादीत नाहीत. प्रोप्रॅनोलॉलसारख्या ठोके कमी करणाऱ्या गोळ्यांवर नेमबाजी, तिरंदाजीसारख्या खेळांत बंदी आहे, बास्केटबॉलमध्ये नाही. पण दमा असेल तर ती घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि ‘फारच घाबरलं तर अर्धी घे’ अशी क्लोनाझेपामची गोळी कोणी देऊन ठेवली असेल, तर मॅचच्या दिवशी ती घ्यायची की नाही हे आधी विचारून घे, तिने गुंगी येते आणि हात-डोळे मंदावतात. प्रॅक्टिसआधी एनर्जी ड्रिंक नको, उपाशीपोटी तर जाऊच नकोस. पहाटे चहा-बिस्किटावर पळायला जाणाऱ्या मुली मी इतक्या बघितल्यात, त्यांची निम्मी चक्कर पोह्यांनी जाते. तुझ्या तपासण्यांच्या यादीत हिमोग्लोबिन दिसलं नाही. करून घे.

आता तुझा शेवटचा प्रश्न. पुन्हा तसंच झालं तर? होईल. निदान एकदा तरी होईल, बहुतेक एखाद्या साध्या प्रॅक्टिसला, जिथे तू बेसावध असशील. तेव्हा सगळं पाण्यात गेलं असं वाटेल. त्या रात्री मोठा निर्णय घेऊ नकोस. काय झालं ते वहीत चार ओळींत लिही, पुढच्या भेटीत समुपदेशकांना दाखव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, अर्धा तास का होईना. भेट लांब असेल आणि रात्री मन फारच खाली गेलं, नकोसे विचार यायला लागले, तर १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आईला उठवलंस तरी चालेल. तिला ते आवडेल.

आणि अजून एक. खेळून बघितल्यावर, भीती बाजूला ठेवूनही, तुला हा खेळ आता नकोसा वाटला तर सोडायला पूर्ण मोकळी आहेस. पण ते घरी बसून ठरवू नकोस. रेषेवर उभी राहा, तो राहिलेला थ्रो घे, मग ठरव.

जाण्याआधी रविवारी बूट काढून बघ. नागपूरच्या उन्हाळ्यात सात महिने पडून राहिलेल्या बुटांचा गोंद सुकतो आणि पहिल्याच कटला सोल सुटतो. सुटत असेल तर चांभाराकडून शिवून घे, आणि आठवडाभर घोट्याला पट्टी बांधूनच खेळ.

तुझी,
ताई